परीक्षेच्या खोलीतला दुसरा आवाज

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत, त्याबद्दल आधी माफी मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, धीर नव्हता. तुला पत्र लिहायचं म्हणजे काय चाललंय ते सांगणं आलं, आणि सांगितलं की तू हसणार. तेव्हा आधी हसून घे आणि मग पुढे वाच. मी कॉलेजात नाव घातलंय. घरबसल्या, ऑनलाइन. विषय गणित, आणि त्यातही प्री-कॅल्क्युलस.

झालं हसून? आता कारण सांगते. आमच्या कानांच्या दवाखान्यात मी बाहेर काउंटरवर बसून लोकांना नंबर देते. आत काचेच्या खोलीपाशी बसून जी बाई कान तपासते, ती या उन्हाळ्यात नोकरी सोडून जाणार आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, की श्रवणतपासणीच्या डिप्लोमाला प्रवेश मिळव, ती खुर्ची तुझी. शिकता शिकता काम कर. मी तरंगतच बाहेर आले. मग माहितीपत्रक वाचलं आणि जमिनीवर उतरले. प्रवेशाला वयाची अट आहे, आणि माझ्यासाठी यंदाचं वर्ष शेवटचं. दुसरी अट, प्री-कॅल्क्युलस उत्तीर्ण. इतिहासात बी. ए. केलेल्या बाईला कान तपासायला हे कशाला लागतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आवाज म्हणजे लाट, लाट म्हणजे साइन, आणि डेसिबल म्हणजे लॉगॅरिथम. यंत्र काय सांगतंय ते तपासणाऱ्याला कळायला नको का? मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

मला ती खुर्ची खरंच हवी आहे, की नुसता काउंटर नकोसा झालाय, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारतेय. परवा एक आजोबा तपासून बाहेर आले आणि पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा आवाज करतो होय! आत नेमकं काय झालं ते मला बघायला मिळालं नाही, याचं मला दिवसभर वाईट वाटलं. म्हणजे हवी आहे बहुतेक.

तुझा दादा मदतीला आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या मते जगातली सगळी फंक्शनं लिफ्टच आहेत. बटण दाबलं की मजला मिळतो, हे फंक्शन. एकच बटण कधी या मजल्यावर नेतं, कधी त्या, तर ते फंक्शन नाही, ती तक्रार. मला हे इतकं पटलं की चाचणीत तसंच लिहिलं. शेरा आला, उदाहरण योग्य, भाषा सुधारा.

पण घरातले खरे विद्यार्थी झालेत ते बाबा. नाटक कंपनीने निरोप दिल्यापासून ते नुसते येरझाऱ्या घालत होते. जन्मभर विंगेत स्टुलावर बसून नटांना ओळी पुरवणारा प्रॉम्प्टर, आणि आता हातात संहिता नाही. आमचे सर सुरू झाले आणि बाबांना नाटक मिळालं. (सर प्रत्येक व्हिडिओत तीच लोकरी टोपी घालतात, म्हणून घरात त्यांना टोपीवाले सर म्हणतात.) सरांची शब्दफेक चांगली आहे, पण आवाज तोंडातल्या तोंडात राहतो, असं बाबांचं मत. म्हणून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला मोठा स्पीकर जोडून घेतलाय. शेजारीण म्हणते, तिला आता झोपेतसुद्धा कोसाइन ऐकू येतो. बाबांना सगळी व्याख्यानं तोंडपाठ आहेत. अर्थ एकाही वाक्याचा कळत नाही, आणि कळायची गरजही नाही म्हणतात. प्रॉम्प्टर अर्थाच्या नादी लागला की ओळ चुकते. गणित करताना मी अडले, की दारातून सरांच्या वाक्याची सुरुवात येते. सुरुवातच फक्त. पुढचं नटाने म्हणायचं, हा त्यांच्या कामाचा नियम.

परीक्षा मार्चात आहे. मी नापास झाले तर हे पत्र फाडून टाक. लोभ आहे तेवढा राहू दे, गणितात जमा-वजा काहीही होवो.

तुझी,
वहिनी

उद्या : युनिट सर्कल पाठ करणे.

(हे डायरीच्या सवयीने लिहिलं गेलं. असू दे.)


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

हसले. मग बायंडिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. कटिंग मशीन चालू होतं, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. आता अख्खा छापखाना मला विचारतो, वहिनीचं गणित कुठवर आलं.

अगं, कॉलेजात आपण दोघी गणित विभागाला वळसा घालून कँटीनला जायचो, आठवतं का? नंतर तू माझ्या दादाशी लग्न ठरवलंस, तेव्हाच मला कळलं होतं की तुझं गणित कच्चं आहे. एवढ्या वर्षांनी का होईना, सुधारायला घेतलंस हे बरं केलंस. हवीच आहे तुला ती खुर्ची. 'बहुतेक' काय? तुला साधं पाणी हवं असलं तरी तू आधी स्वतःची उलटतपासणी घेतेस.

फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोन माझ्या कानाला काय सांगतो ते माझ्या कानालाही समजत नाही. आणि मेसेजमध्ये तू नुसते अंगठे पाठवतेस. त्यापेक्षा पत्र बरं. कानाचं मशीन लावतेस का, हेही विचारू नकोस. लावते. पगारवाढीच्या मीटिंगला.

पण आता एक आनंदाची बातमी. माझे कान सुधारतायत! गेल्या महिन्यात बाबा इथे आले होते, तेव्हा त्यांना नाटकाला घेऊन गेले. गेली कित्येक वर्षं बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, की मला नुसती गरम हवा लागते, शब्द नाही. यावेळी त्यांनी नटाच्या आधी ओळी पुटपुटायला सुरुवात केली (सवय!), आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला. तोही मशीन न लावता! मला नटाचं काही कळलं नाही, बाबांचं सगळं कळलं. पुढच्या रांगेतली माणसं सारखी मागे वळून बघत होती. त्यांना काय झालं होतं कोण जाणे. तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांग, एक गिऱ्हाईक कमी झालं.

बाबांना तुझ्या सरांची भाषणं मिळाली हे छान झालं. फक्त त्यांना सवय लागू देऊ नकोस. एकदा एका लग्नात नवरदेव नाव घेताना अडला, तर मागून बाबांनी त्याला दुसऱ्याच नाटकातल्या नायिकेचं नाव पुरवलं होतं.

लोभ कमी होत नाही, पण तू पत्र लिहायला पुन्हा इतका वेळ लावलास तर विचार करावा लागेल.

तुझी,
वन्सं


२० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

परीक्षा झाली. निकाल लागला नाही. लागेल की नाही हेही ठाऊक नाही, कारण माझ्यावर कॉपीचा आरोप आहे. खुर्ची ओढ आणि तिच्यावर बसून पुढचं वाच.

या परीक्षेत कॅमेरा आणि माइक सारखे चालू ठेवायचे असतात. खोलीत एकटं बसायचं, बोलायचं नाही, पुटपुटायचंही नाही, दार बंद हवं. आमच्या आतल्या खोलीच्या दाराची कडी लागत नाही. तुझा दादा सगळ्या शहरातल्या लिफ्टची दारं नीट करतो आणि घरातलं दार मात्र वाऱ्यालाही नाही म्हणत नाही. तेव्हा बाबांनी स्वतःहून सुचवलं, की ते बाहेर स्टूल टाकून बसतील आणि कुणाला आत येऊ देणार नाहीत. मी हो म्हटलं. जन्मभर स्टुलावर बसून ओळी पुरवणाऱ्या माणसाला मी परीक्षेच्या दाराबाहेर स्टुलावर बसवलं. हा माझा भोळेपणा की आळस, हे डायरीत लिहून लिहून खोडलंय.

सगळं बरं चाललं होतं. मग प्रश्न आला: एक पंखा साठ डेसिबल आवाज करतो, शेजारी तसाच दुसरा सुरू केला तर दोन्ही मिळून किती? मी मनात म्हटलं, साठ आणि साठ, एकशे वीस. लिहिणार तेवढ्यात हात थांबला. दवाखान्यातल्या तक्त्यावर एकशे वीसच्या पुढे विमानाचं चित्र आहे. दोन पंख्यांनी कुणी कानात बोटं घालत नाही. काहीतरी चुकत होतं, पण काय ते सापडेना. मी पेन्सिल ठेवली आणि छताकडे बघितलं.

आणि दाराच्या फटीतून सरांचं वाक्य आलं, की बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज.

पडद्याभोवती लाल चौकट उमटली. खाली लिहिलेलं, दुसरा आवाज आढळला. मी परीक्षा पूर्ण केली, पण पुढचे प्रश्न कुणी सोडवले मला माहीत नाही, मी तर बहुतेक तिथे नव्हतेच.

कॉलेजचं पत्र आलंय. बाबांना घेऊन चौकशी समितीपुढे बसायचं आहे, तेही पडद्यावरच. तिथल्या कारकुनाने फोनवर धीर दिला. तो म्हणाला, बाई, घाबरू नका, तुमच्या आजोबांनी सांगितलेलं उत्तर साफ चुकीचं आहे आणि तुमचं बरोबर. (मी त्रेसष्ट लिहिलं. दुसऱ्या पंख्याने फक्त तीन वाढतात.) चुकीच्या मदतीचा फायदा होत नाही, एवढं बोला, विषय संपेल. ते आजोबा नव्हेत, सासरे आहेत, हे सांगायचंही मला सुचलं नाही.

पण तुला म्हणून सांगते. सरांचं पूर्ण वाक्य असं आहे: बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, असं ज्याला वाटतं त्याने वही मिटावी आणि माझ्याबरोबर चहाला यावं. बाबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात दिली. उरलेलं माझ्या डोक्यात आपोआप वाजलं, आणि चूक सापडली. म्हणजे यंत्राने ऐकली ती अर्धी ओळ चुकीची. मला मिळाली ती पूर्ण ओळ बरोबर. मदत झाली की नाही? मी मागितली नव्हती. पण मिळाली. हे समितीला ठाऊक नाही, फक्त मला आणि बाबांना. गप्प बसले तर पास होईन आणि खुर्ची मिळेल. बोलले तर कदाचित पेपरच रद्द, आणि मग वयाची अट आड येणार.

आज 'उद्या' लिहायला काही सुचत नाही. लोभ असू दे, विशेषतः आता.

तुझी,
वहिनी


२४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईने तुला सगळं कळवलंच असेल. तिची बाजू खरी, पण माझी बाजू तिने लिहिली नसणार, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट. मी तिला ठरवून मदत केली नाही. दाराच्या फटीतून दिसलं, नटाची पेन्सिल थांबली, ओठ मिटले, नजर छताला गेली. याचा अर्थ ओळ गेली. अशा वेळी प्रॉम्प्टर विचार करत नाही, जसा शिंकणारा विचार करत नाही. माझ्या तोंडून शब्द निघाले तेव्हा मलाच कळलं नाही की हे नाटक नव्हे, परीक्षा आहे. निघाल्यावर कळलं. मग मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसून राहिलो, तो परीक्षा संपेपर्यंत काढला नाही. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

दुसरी गोष्ट. मी कुजबुजलो होतो. माझं कुजबुजणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नटालाही ते कळत नसे. हल्लीच्या यंत्रांचे कान भलतेच तिखट झालेत. उलट माणसं बघ, सगळी तोंडातल्या तोंडात बोलतात. नट तसेच, वाणी तसाच, तुझा दादाही तसाच. सूनबाईसुद्धा अलीकडे फार हळू बोलते. अभ्यासाचा ताण असावा. मला मात्र आवाजाची देणगी म्हातारपणीही टिकली. निरोपाच्या दिवशी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, तुमचा आवाज आता तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो. नटांना कुणी कधी असं म्हणालं नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॉलेजच्या पत्रात छापील अक्षरांत आहे, की सदर व्यक्तीने चुकीचं उत्तर पुरवलं. चुकीचं! मी! नट पडला, पडदा पडला, एकदा विंगच पडली; पण माझी ओळ चुकली नाही. त्यांना वाक्य पूर्ण ऐकायचं असेल तर मी ऐकवीन, सरांच्या विरामासकट. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा आणि बसा. का ते नीट सांगत नाही. पोरगी सारखी काहीतरी लिहिते आणि खोडते.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुला सांगतो. मी विंगेच्या पुढे कधी आलो नाही. तोंडावर दिवा घेऊन, समोर माणसं बसलेली असताना मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. कोणता शर्ट घालू ते कळव.

तुझे,
बाबा


२९ मार्च

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

कटिंग मशीन दुरुस्तीला उघडलंय, तेवढ्या वेळात लिहितेय, म्हणून थोडक्यात.

गप्प बस. मी काय लिहिलं ते नीट वाच: गप्प. बस. आधी पास हो, मग संत हो. त्यांनी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर त्यांच्या हातात काठी देऊ नकोस. बाबांना निळा शर्ट घालायला सांग आणि त्यांना एका वाक्यापलीकडे बोलू देऊ नकोस. ते म्हणतात त्यांना स्टेजची भीती वाटते (मी तुला सांगितलं असं सांगू नकोस). वाटू दे. यावेळी तीच आपल्या कामाची आहे.

आणि दुसऱ्या पंख्याने फक्त तीनच वाढतात, हे आमच्या मालकाला कळता कामा नये. आजच नवीन मशीन आणेल. माझे कान या गणिताशी सहमत नाहीत.

लोभ गप्प बसण्यावर अवलंबून आहे.

तुझी,
वन्सं


९ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझा सल्ला मी पाळला. जवळजवळ शेवटपर्यंत.

समितीत तिघं होती: गणिताच्या एक कडक बाई अध्यक्ष, आवाजाचा अहवाल घेऊन बसलेला एक तरुण, आणि स्वतः टोपीवाले सर. फक्त सरांच्या डोक्यावर टोपी नव्हती. बाबा निळ्या शर्टात माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजून विचारलं, की हा टकल्या कोण. पडद्यावरचे सर ताबडतोब म्हणाले, की तो मीच, टोपी धुवायला टाकली आहे. कडक बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मला वाटलं, इथेच सगळं संपलं. पण बाई मुद्द्यावर आल्या. पुरवलेलं उत्तर चुकीचं, लिहिलेलं बरोबर. तेव्हा लाभ झालेला दिसत नाही. सासऱ्यांनी फक्त चूक मान्य करावी. मी टेबलाखाली बाबांचा हात दाबला. पण 'चूक' हा शब्द त्यांना चावला. ते उठून उभे राहिले. त्यामुळे पडद्यावर नुसता निळा शर्ट दिसायला लागला. मी कॅमेरा वर केला. बाबा म्हणाले, मी प्रॉम्प्टर आहे. मी आजवर चुकीची ओळ दिलेली नाही. ती ओळ अशी होती, की बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज…

आणि थांबले. तुझे बाबा, ज्यांना ते भाषण झोपेतही येतं, त्यांची ओळ गेली. पडद्याचा उजेड तोंडावर, समोर तीन चेहरे. ओठ हलले, शब्द नाही. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. वन्सं, त्या नजरेने जन्मभर दुसरे लोक त्यांच्याकडे बघत आले असतील.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. बाबा गप्प, मी गप्प, आणि बाई फाइल मिटायला लागल्याच होत्या. तुझं पत्र मला शब्दन् शब्द आठवत होतं. ती खुर्चीही दिसत होती, काचेपलीकडचे आजोबाही. आणि शेजारी बाबा उभे होते, चुकीची ओळ देणारा माणूस म्हणून फाइलमध्ये बंद व्हायच्या बेतात. मी फार विचार केला असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. शिंक यावी तसं झालं. मी वाकले आणि पुरवलं, असं ज्याला वाटतं…

त्यापुढे बाबांना कुणी थांबवू शकलं नसतं. वही मिटावी, मग सरांचा तो विराम, मग चहाला यावं. असा आवाज लावला की शेजारणीने भिंतीवर थाप मारली. सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचं म्हणणं, हे वाक्य ते दरवर्षी म्हणतात आणि शेवटपर्यंत ऐकणारा पहिला माणूस आज भेटला. मग मी उरलेलं सांगून टाकलं: ओळीचा पुढचा भाग मला माहीत होता, त्यामुळेच चूक सापडली; मदत झाली.

समितीने आपला आवाज बंद केला आणि आपसात बोलायला सुरुवात केली. आम्हाला नुसते हलणारे ओठ दिसत होते. मी डोळे मिटून घेतले. तर बाबा मला बातम्या द्यायला लागले. बाई म्हणतायत पेपर रद्द करा. सर म्हणतायत, तो एकच प्रश्न काढा. तो पोरगा म्हणतोय, मला जेवायला जायचंय. मी म्हटलं, बाबा, उगाच काही सांगू नका, आवाज बंद आहे. त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. आवाज बंद आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

निर्णय अगदी तोच लागला. त्या एका प्रश्नाचे गुण गेले, लेखी समज मिळाली, बाकी पेपर कायम. मी पास आहे. काठावर नाही, पण काठ स्पष्ट दिसेल इतक्या अंतरावर. प्रवेशाचा अर्ज भरला आणि तो स्वीकारलाही गेला. खुर्ची मिळाली, वन्सं! तुझ्या दादाने आनंदाने आतल्या दाराची कडी दुरुस्त केली. सरांनी बाबांना चहाचं आमंत्रण पाठवलंय.

आता हसणं थांबव, कारण पुढची गोष्ट वेगळी आहे. त्या तरुणाच्या अहवालाची प्रत आमच्याकडे आली. त्यात लिहिलंय, दुसरा आवाज नेहमीच्या संभाषणाच्या पातळीचा, साठ डेसिबलच्या आसपास. बाबा चिडले, म्हणाले यंत्र खोटं बोलतं, मी कुजबुजलो होतो. मी कागद घेऊन बसले. कुजबुज असते तीसच्या आसपास. साठातून तीस गेले, उरले तीस. दर दहाला दहापट. दहा गुणिले दहा गुणिले दहा. म्हणजे बाबा ज्याला कुजबुज म्हणतात, ती कुजबुजीच्या हजारपट आहे. प्री-कॅल्क्युलसचं हे माझं पहिलं गणित, जे मला कुणी घातलेलं नव्हतं.

मग तुझं फेब्रुवारीतलं पत्र पुन्हा काढलं. पुढच्या रांगेतली माणसं का वळत होती, ते आता तूही सांगू शकशील. तुझे कान सुधारलेले नाहीत गं. माफ कर, आनंदाच्या बातमीवर पाणी टाकतेय. मोठा स्पीकर, तोंडातल्या तोंडात बोलणारे सगळे, बाबा सारखे सांगतात ती मॅनेजरची तिसरी रांग, आणि परवा आवाजाविना वाचलेले ते ओठ. मी दिवसभर बहिऱ्या माणसांना नंबर देते, आणि घरी येऊन बाबांना सांगते की सरांचा आवाज जरा कमी करा.

त्यांना सरळ सांगितलं तर ते कानांवर हात ठेवतील. म्हणून म्हटलं, मला नव्या खुर्चीवर सरावाला एक माणूस हवा आहे. काम काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काचेच्या खोलीत बसायचं, बारीक आवाज येईल, आला की बोट वर करायचं. ते खूश झाले. म्हणजे संकेताची वाट बघायची, म्हणाले. त्यात आपला हात कोण धरणार! मग जरा वेळाने, चहा ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, की तू काचेसमोरच बसणार ना, तुझा चेहरा दिसेल ना? मी हो म्हटलं.

तूही मशीन लाव. मीटिंग नसेल त्या दिवशीसुद्धा. गप्प न बसल्याबद्दल लोभ कापलाच असशील, तर तेवढा तरी परत दे.

तुझी,
वहिनी

उद्या : बाबांच्या कानांची तपासणी. काचेसमोर माझे ओठ मिटलेले ठेवणे.